राम सुतारांची ब्राँझ शिल्पं आणि स्मारकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केवडियाला सरदार पटेलांचा स्टॅच्यू ऑफ युनिटी पाहून कोणी आलं की किंवा गावात पुतळा बसवायचं ठरलं की शिल्पकार राम सुतारांविषयी तेच तेच प्रश्न येतात. पहिला बहुतेक वेळा उंचीचा असतो. मी कलाशाळेत माती हाताळायला शिकलो, त्यामुळे उंची सांगून झाली की चेहऱ्याकडे, हातांकडे आणि धोतराच्या चुण्यांकडे बोट दाखवल्याशिवाय राहवत नाही. इथेही तसंच होणार आहे.

राम सुतार मूळचे कुठले?

धुळ्याजवळच्या गोंदूरचे. जन्म १९ फेब्रुवारी १९२५. घरात सुतारकाम, म्हणजे हत्यारांची ओळख अक्षरओळखीच्या आधीची. मुलाच्या हातातली कला धुळ्याच्या जोशी गुरुजींनी हेरली आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत पोहोचवलं. तिथे १९५३ मध्ये शिल्पकलेसाठी मेयो सुवर्णपदक मिळालं. पुढे काही वर्षं सरकारी नोकरी करून १९५९ पासून ते दिल्लीत पूर्णवेळ शिल्पकार झाले. पद्मश्री १९९९ मध्ये, पद्मभूषण २०१६ मध्ये आणि २०२४ सालचा महाराष्ट्र भूषण वयाच्या शंभरीत. डिसेंबर २०२५ मध्ये नोएडात त्यांचं निधन झालं. मुलगा अनिल सुतार हेही शिल्पकार. मोठ्या स्मारकांची कामं बापलेकांनी मिळून केली.

वेरूळ-अजिंठ्याशी त्यांचा काय संबंध?

१९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात होते आणि वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या शिल्पांच्या डागडुजीचं काम करत होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग लोक घाईने ओलांडतात. मला मात्र तोच फार महत्त्वाचा वाटतो.

जे. जे. मध्ये विद्यार्थी समोर माणूस बसवून शरीर शिकतो: हाड कुठे वर येतं, स्नायू कुठे वळतो, कातडी कुठे सैल पडते. वेरूळला शिकवणारा दगड असतो. कैलास लेण्यातली मूर्ती खालून, बाजूने, अर्धवट उजेडात पाहिली जाणार हे तिथल्या पाथरवटाला ठाऊक होतं आणि त्याने प्रमाणं त्या हिशेबाने ठेवली. तुटलेला हात दुरुस्त करणाऱ्याला आधी तो हात तसा का घडवला होता हे शोधावं लागतं. रोज असं चार वर्षं केलेला माणूस पुढे उंच चौथऱ्यावरचा पुतळा करायला बसला की प्रेक्षकाची मान किती वर होणार याचा विचार त्याच्या हातातच असतो. सुतारांच्या मोठ्या पुतळ्यांत डोकं धडावर आखडल्यासारखं दिसत नाही. त्याचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

त्यांचं पहिलं गाजलेलं मोठं काम कोणतं?

मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावरचं चंबळचं स्मारक. उंची ४५ फूट. नदी आईच्या रूपात उभी आहे आणि तिच्याजवळ दोन मुलं आहेत, एक मध्य प्रदेश आणि दुसरा राजस्थान. पाण्यावरून भांडू शकणारी दोन राज्यं एका आईची लेकरं म्हणून उभी करणं हा विचारच मोठा आहे. हे ब्राँझचं काम नाही, अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेलं आहे. ओतीव कामात माती चुकली तर परत लावता येते. कोरीव कामात गेलेलं परत येत नाही.

संसदेतला बसलेला गांधी पुतळा त्यांचाच ना?

हो. १६ फुटी ब्राँझ, ध्यानस्थ बैठक. २ ऑक्टोबर १९९३ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते अनावरण झालं. खासदारांची आंदोलनं वर्षानुवर्षं याच पुतळ्यापाशी होत आल्यामुळे बातम्यांत तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. नव्या संसद भवनाच्या बांधकामात तो जागचा हलला आणि २०२४ पासून संसद परिसरातल्या प्रेरणा स्थळावर आहे.

सुतारांचं एकच काम बघायला सांग म्हटलं तर मी हे सांगेन. उभ्या माणसाला उंचीचा आधार मिळतो. बसलेल्या, डोळे मिटलेल्या, उघड्या अंगाच्या म्हाताऱ्याला भव्य करायचं असेल तर शिल्पकाराकडे उरतं काय? पाठीचा कणा, खांद्यांचा उतार आणि मांडीवर विसावलेले हात. डोळे मिटलेले असल्यामुळे नजरेचा उपयोग नाही. तरीही त्याच्यासमोर आवाज खाली येतो. ते सगळं पाठीच्या रेषेतून आलेलं आहे. ती रेषा ताठ आहे, पण ताणलेली नाही. ध्यानाला बसणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.

गांधीजींचा त्यांनी केलेला अर्धपुतळाही असाच फिरला. भारत सरकारने त्याच्या प्रती फ्रान्स, इटली, अर्जेंटिना, रशिया, मलेशिया अशा अनेक देशांना भेट दिल्या. पाटण्याच्या गांधी मैदानात दोन मुलांसोबतचे उभे गांधी आहेत, तेही सुतारांचेच.

स्टॅच्यू ऑफ युनिटी पूर्ण ब्राँझचा आहे का?

नाही. आत काँक्रीटचे दोन उंच गाभे आहेत, त्यांच्याभोवती पोलादी सांगाडा आणि बाहेरून ब्राँझच्या पत्र्यांचं आवरण. उंची १८२ मीटर, अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८. गुजरात विधानसभेच्या जागाही १८२, आकडा तिथून आला. तुलनेसाठी: अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती चौथरा सोडून सुमारे ४६ मीटर आहे.

मग त्यात सुतारांनी नेमकं काय केलं?

हा प्रश्न कधी कधी आरोपाच्या सुरात येतो, म्हणून सविस्तर सांगतो. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं. बाहेरचे ब्राँझचे भाग चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले. सुतारांचं आहे ते शिल्प, म्हणजे सरदार पटेल कसे दिसतात, कसे उभे आहेत, शाल कुठून कशी पडते आणि चेहऱ्यावर काय आहे. शेकडो छायाचित्रं अभ्यासून छोटे नमुने झाले, मग ३० फुटी नमुना झाला आणि त्याचं डिजिटल मोजमाप घेऊन आकार वाढवला गेला.

नमुन्यात नाकपुडीशी बोटभर चूक राहिली तर १८२ मीटरला ती हातभर होते. शिवाय सरदारांची वेशभूषा अभियंत्यांच्या गैरसोयीची. उंच इमारत खाली रुंद आणि वर निमुळती असते. धोतर नेसलेला माणूस नेमका उलटा, खांद्याशी शालीमुळे रुंद आणि पायाशी बारीक. त्यातही एक पाय पुढे, निघण्याच्या बेतात. सरदारांना लांब झगा घालता आला असता तर काम सोपं झालं असतं, पण ते सरदार राहिले नसते. शिल्पकाराने धोतर आणि चप्पल सोडली नाही आणि अभियंत्यांनी ती पेलली. वाऱ्याने येणारं डोलणं आवरायला आत प्रत्येकी २५० टनांचे दोन डँपर बसवले आहेत.

केवडियाला गेलात तर १५३ मीटरवरच्या गॅलरीची घाई करू नका. आधी पायांपाशी उभं राहून चपलांचे पट्टे आणि धोतराचा काठ बघा. मग लांब जाऊन चेहरा. जवळून चेहरा कळतच नाही.

ब्राँझ, कांसं, पितळ, पंचधातू यांत फरक काय?

तांबं आणि कथील मिळून ब्राँझ, म्हणजेच कांस्य. तांबं आणि जस्त मिळून पितळ. आपल्या घरातलं काशाचं भांडं हे ब्राँझच, फक्त त्यात कथील जास्त असल्यामुळे ते खणखणीत वाजतं आणि आपटलं तर तडकतं. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये कथील कमी ठेवतात आणि धातू साच्यात नीट पसरावा म्हणून थोडं जस्त, शिसं घालतात. शंभरात ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ भाग, हे प्रमाण मोठ्या पुतळ्यांना नेहमी वापरतात.

‘पंचधातू’ हा शब्द मूर्तिपूजेतला आहे, सोन्या-चांदीसकट पाच धातूंचा. चौकातल्या पुतळ्याच्या पाटीवर तो लिहिलेला असला तरी आत बहुधा वरचंच मिश्रण असतं. करारात शब्दावर थांबू नका, धातूंची टक्केवारी लिहून घ्या.

पुतळा ओततात कसा?

आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा. मातीचं ओझं त्याच्यावर असतं, म्हणून जागोजागी लाकडी फुल्या टांगतात, म्हणजे माती घसरत नाही. त्यावर शाडू. खरं शिल्प इथे होतं, पुढचं सगळं ते जपण्याची धडपड. माती सुकली की तडकते, त्यामुळे महिनोन्‌महिने ओली फडकी गुंडाळून ठेवावी लागतात. एका सुट्टीत फडकी ओली करायची राहिली आणि कान गळून पडला असं होतं, माझ्याच कामाचं झालेलं आहे.

माती पक्की झाली की तिच्यावरून प्लॅस्टरचा किंवा फायबरचा साचा घेतात. साच्याच्या आत मेणाचा थर देतात. ब्राँझ जेवढं जाड हवं तेवढाच मेणाचा थर, सहसा ५ ते ८ मिलिमीटर. होय, पुतळा आतून पोकळ असतो. भरीव ओतला तर थंड होताना तो तडकेल आणि चौथऱ्याला पेलणारही नाही. मेणाच्या त्या पोकळ आकृतीला धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच नळ्या जोडतात. मग आतबाहेर उष्णता सोसणारं लिंपण आणि भट्टी. मेण वितळून निघून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या पोकळीत सुमारे अकराशे अंशांचा लालभडक रस ओततात. ओतणं काही मिनिटांचं. त्या वेळी ओतशाळेत कोणी बोलत नाही. मुशीतून रस पडण्याच्या धारेवर सगळ्यांचे डोळे असतात. धार मध्येच तुटली तर तिथे सांधा राहतो.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास ग्रंथात मेणाच्या मूर्तीवर माती लिंपून, मेण काढून धातू ओतण्याची कृती दिलेली आहे. तिचं नाव मधूच्छिष्ट विधान, मधूच्छिष्ट म्हणजे मेण.

मोठा पुतळा एका दमात ओतत नाहीत. तुकडे करतात, मोठ्या सपाट भागांना वाळूचे साचेही वापरतात. थंड होताना ब्राँझ शेकडा दीड-दोनने आकसतं, त्याचा हिशेब नमुन्यातच धरलेला असतो. मग तुकड्यांचं वेल्डिंग, सांधे छिन्नीने आणि ग्राइंडरने घासून बेमालूम करणं, ज्योतीने तापवून रसायनांनी रंग चढवणं आणि शेवटी मेणाचा हात. सुतारांकडे मातीपासून धातूपर्यंतची व्यवस्था घरचीच होती, त्यामुळे मातीतली बोटाची हालचाल धातूपर्यंत टिकली की नाही हे त्यांना स्वतः बघता यायचं. ओतकाम दुसरीकडे दिलं की पहिली मरते ती हीच गोष्ट.

घोड्याचा एक पाय वर असेल तर योद्धा जखमी, दोन वर असतील तर रणात मृत्यू. खरं का?

नाही. असा कुठलाही नियम शिल्पशास्त्रात नाही. पाय किती वर घ्यायचे हे डौल आणि तोल ठरवतात. दोन पायांवरचा घोडा असेल तर सगळा भार मागच्या पायांत आणि बऱ्याचदा शेपटीत दडवलेल्या पोलादावर येतो. म्हणून तो अवघड आणि महाग.

गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा सुतारांनी केला का?

तो सदाशिव साठे यांचा. २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचं अनावरण झालं. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकरांचा. दिल्लीतलं दांडीयात्रेचं अकरा जणांचं शिल्प देवीप्रसाद रॉयचौधरींचं. ही सगळी नावं सुतारांच्या खात्यावर जमा होताना मी ऐकली आहेत. सुतारांना त्याची गरज नाही आणि बाकीच्यांवर अन्याय होतो. म्हात्रे, करमरकर, फडके, पानसरे, साठे, सुतार ही आपली सलग परंपरा आहे, तिच्यातलं प्रत्येक नाव वेगळं आठवलं पाहिजे.

ज्यांचा फोटोच नाही त्यांचा चेहरा कुठून आणतात?

गांधीजी, सरदार, बाबासाहेब यांची छायाचित्रं आहेत, तिथे अडचण वेगळी: समोरून भरपूर, बाजूने थोडी आणि मागून जवळजवळ नाहीत. पुतळ्याला तर मागची बाजूही लागते. शिवाजी महाराजांची समकालीन चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, बहुतेक एका बाजूने दिसणारी, धारदार नाक आणि मोठे डोळे असलेली. त्यांच्याशी इमान राखून उरलेला चेहरा शिल्पकाराला उभा करावा लागतो. बंगळुरूच्या केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला, तिथेही छायाचित्राचा आधार नव्हता.

डोळ्यांबद्दल एक सांगतो. ब्राँझला बुबुळाचा काळा रंग नसतो. शिल्पकार बुबुळाच्या जागी खोल खड्डा घेतो, त्यात सावली साचते आणि आपल्याला नजर दिसते. कधी कडेला धातूचा कणभर उंचवटा ठेवतात, त्यावर ऊन चमकलं की डोळा जिवंत होतो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा नवा पुतळा सुतारांचा आहे का?

हो. डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला आधीचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या दिवशी अनेकांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. त्यानंतर नव्या पुतळ्याचं काम सुतारांकडे आलं आणि मे २०२५ मध्ये ६० फुटी ब्राँझ तिथे उभं राहिलं, आत स्टेनलेस स्टीलचा आधार घेऊन.

समुद्रकाठी मुख्य शत्रू वाऱ्याच्या बरोबरीने मीठही असतं. ब्राँझ आणि साधं लोखंड खारट ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड झपाट्याने गंजतं. बाहेरून पुतळा धडधाकट दिसतो आणि आतले नटबोल्ट खाल्ले जातात. म्हणून किनाऱ्यावरच्या पुतळ्याला आत शिरून तपासणी करण्याची वाट आणि साचलेलं पाणी निघायला भोकं हवीतच.

आमच्या चौकातला पुतळा हिरवा पडलाय. घासून काढावा का?

कृपा करून घासू नका. तो हिरवा-करडा थर म्हणजे तांब्याची हवेशी, पाण्याशी झालेली अभिक्रिया. एकसारखा आणि घट्ट असेल तर तो खालच्या धातूचं रक्षणच करतो. फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी सुटत असेल तर मात्र ते क्षारांचं दुखणं आहे, जाणकाराला दाखवा.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यातलं काहीही लावू नका. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग कोरडं करून मेणाचा पातळ हात, वर्षातून एकदा. जयंतीला दुधाचा अभिषेक केलात तर त्याच दिवशी पाण्याने धुऊन काढा. हारांच्या तारा काढून टाका, त्यांचा गंज धातूवर डाग पाडतो.

आणि सोनेरी ऑइलपेंट तर नकोच. माझ्या लहानपणीच्या गावात एक सुंदर ब्राँझ पुतळा जयंतीच्या आदल्या रात्री असा रंगवला गेला. हेतू प्रेमाचाच होता. सकाळी पाहिलं तर डोळ्यांतली सावली बुजली होती, मिशीचे केस एक झाले होते. दरवर्षी नवा थर चढत गेला. आज तिथे कोणाचा पुतळा आहे हे पाटी वाचून कळतं.

गावात पुतळा बसवायचा आहे. काय लक्षात ठेवावं?

मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, ती औपचारिकता समजू नका. वर्गणीदार आणि समितीने नमुना मातीत असतानाच पाहावा, तोही ज्या उंचीवरून दिसणार त्याच कोनातून. धातूत गेल्यावर नाक बदलत नाही.

उंची ठरवताना हा हिशेब करा: पुतळा दुप्पट उंच केला की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे जाडी तीच ठेवली तरी ब्राँझ चौपट लागतं, आणि वाऱ्याचा जोरही तितकाच वाढतो. त्याच पैशात ९ फुटांचं उत्तम काम होत असेल तर १८ फुटांचं पत्र्यासारखं काम कशाला? आणि जयंतीची तारीख गाठायची म्हणून शिल्पकाराच्या मागे लागू नका. घाईत सुकलेला साचा आणि घाईत केलेलं वेल्डिंग पुढे पन्नास वर्षं छळतं.

सुतारांचं काम जुन्या वळणाचं, नुसतं हुबेहूब आहे असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

त्यांची घडण वास्तववादी होती आणि त्यांनी ती बदलली नाही. विसाव्या शतकातल्या शिल्पकलेत बाकी ज्या उलथापालथी झाल्या त्या त्यांच्या कामात सापडणार नाहीत, हे खरं. पण सार्वजनिक स्मारकापुढे शेतावरून आलेली बाई उभी राहते, शाळेची सहल उभी राहते. त्यांना समोरचा माणूस ओळखू यावा आणि त्याच्यापाशी थांबावंसं वाटावं, हे साधणं सोपं नाही. दरवर्षी देशात किती बेढब पुतळे उभे राहतात ते पाहा, मग कळेल.

माझी तक्रार सुतारांपेक्षा त्यांना काम देणाऱ्यांकडे आहे. उतारवयात त्यांच्याकडे आलेल्या मागण्या फुटांच्या होत्या. बसलेल्या गांधींसारखी, अंतर्मुख करणारी आणखी चार-पाच कामं त्यांच्याकडून मागितली गेली असती तर बरं झालं असतं.

महाराष्ट्र-गोव्यात त्यांचं काम कुठे पाहता येईल?

मालवणला राजकोट किल्ल्यावर. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या पर्तगाळ मठात ७७ फुटी ब्राँझ श्रीराम आहेत, अनावरण २८ नोव्हेंबर २०२५ रोजी झालं. आयुष्याच्या अगदी शेवटच्या महिन्यांत पूर्णत्वाला गेलेलं हे काम. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचा ३५० फुटी पुतळा आणि त्याखाली १०० फुटी चौथरा अशी योजना आहे, त्याचं शिल्पही सुतारांचंच.

मालवणला जाणार असाल तर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर आलं की ब्राँझवर चकाकी येते आणि चेहरा सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य पाण्याकडे कलल्यावर जा. तिरप्या उन्हात भुवईखालची सावली गालावर उतरते, तेव्हा बघा.